बिनब्रेकची सायकल

१

टेरहोर्स्ट म्हातारा त्याच्याच दुकानाच्या तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी पडला होता. एका पायात बूट होता. दुसरा वरच्या पायरीवर राहून गेला होता. सरळ, नीट, झोपताना पलंगाखाली काढून ठेवावा तसा.

मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर फीनचे डोळे झाकले. फीन अकरा महिन्यांची. मेलेला माणूस आणि झोपलेला माणूस यातला फरक तिला काय कळणार? पण आई झाल्यापासून माझे हात डोक्याच्या आधी चालतात.

आम्ही त्या दुकानाच्या वरच राहतो, बेरनस्ट्राटमध्ये, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. माझा नवरा तायमेन टेरहोर्स्टकडे जुने पृथ्वीगोल दुरुस्त करायचा. त्या दिवशी दुपार कलली, गल्लीतले दिवे लागले, आणि खाली दुकानाच्या दाराची घंटी काही थांबेना. वाऱ्यानं दार आपटत होतं. फीनला कडेवर घेऊन मी खाली उतरले. पाऊस दुकानात आला होता. माणूस कुणी नव्हतं. खिडकीतला छोटा गोल, ज्याचे समुद्र जुने होऊन चहासारखे तपकिरी झाले होते, तो जागेवर नव्हता. आणि तळघराचं दार उघडं होतं.

पोलीस आल्यावर थोड्या वेळानं तायमेन आला. पायी, निथळत. "माझी सायकल कुणी नेली गं?" एवढंच म्हणाला, आणि मग त्याला गणवेशातली माणसं दिसली.

इन्स्पेक्टर ब्राकबाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या नवऱ्याचा रेनकोट पिवळा आहे का हो?"

२

पिवळाच होता. सायकलवरची फीनची सीट भिजू नये म्हणून तो त्यानं तिच्यावर टाकला होता, आणि सायकल दुकानाबाहेर कुलूप न लावता उभी होती. आता दोन्ही गायब होतं. पिवळा कोट घातलेलं कुणीतरी, टोपी नाकापर्यंत ओढून, बाळाच्या सीटची सायकल पुलाकडे दामटत गेलेलं लोकांनी पाहिलं होतं.

"तुम्ही कुठं होता?" ब्राकबाईंनी विचारलं.

"चालत होतो," तायमेन म्हणाला. "डोकं तापलं होतं. कालव्याच्या काठानं नुसता चालत होतो."

"एकटेच?"

"तापलेलं डोकं कुणाला सोबत नेतं का?"

डोकं का तापलं होतं, ते गल्लीला सकाळपासून माहीत होतं. तायमेनला आठवड्यातला एक दिवस घरी पोरीजवळ राहायला हवा होता. बापाचा दिवस, इथले सगळे तरुण बाप घेतात. टेरहोर्स्ट दुकानाच्या दारात उभा राहून ओरडला होता, "बापाचा दिवस कसला! पाजणार आहेस का तू तिला?" आणि माझा भाबडा नवरा उलट ओरडला होता, "एक दिवस या जिन्यावरून गडगडाल, तेव्हा कळेल दुकान कुणाच्या जिवावर चालतं!"

त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या बोटीनं कालव्यातून त्याची सायकल काढली, तिच्यात अडकलेला कोट काढला. गोल मात्र मिळाला नाही.

आमच्या नऊ गल्ल्यांत पडदे ओढून बसायची रीत नाही. पण त्या आठवड्यात मी बाळगाडी घेऊन निघाले, की पडदे हलायचे. बेकरीतली रांग गप्प व्हायची. रोज फीनच्या गालाला हात लावणारी फुलवाली बादल्या उचलायला खाली वाकायची आणि मी पुढं जाईपर्यंत वर बघायची नाही.

तायमेन सुटायला हवा होताच. पण खरं सांगते, तेवढ्यानं माझं पोट भरणार नव्हतं. ज्यानं माझ्या पोरीच्या बापाचा कोट अंगावर चढवून हे केलं, त्याला मला याच लोकांसमोर, भर उजेडात उघडं पाडायचं होतं.

सुरुवात केली साक्षीदारापासून.

३

फाब्रित्सिओचं चामड्याच्या बॅगांचं दुकान पुलाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर आहे. दोन वर्षांपूर्वी बोलोन्याहून आलेला. भिंतीवर त्याची शर्यतीची सायकल फोटोसारखी टांगलेली असते. हँडलचे ब्रेक तो मखमलीनं पुसतो.

"मी नाव नाही घेतलं, मार्लूस," मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. "मी म्हटलं पिवळा कोट. मी म्हटलं बाळाची सीट. बस."

"आमच्या लग्नात टेबलावर चढून नाचलास तू. कोटाच्या आत कोण आहे ते बघायला काय झालं होतं?"

"टोपी इथपर्यंत! पाऊस! मी दारात सिगारेट ओढत होतो, तो पुलावरून उतरून माझ्या नाकासमोरून गेला. एवढं पोट! मला वाटलं, तायमेन चांगलाच सुटलाय. बायकोच्या हातचं…"

"तायमेनला पोट नाही."

"कोटाच्या आत काहीतरी होतं. एका हातानं तो ते सावरत होता. हँडलवर एकच हात." तो थांबला, मग त्याला हसू आवरेना. "आणि पाय! पाय उलटे फिरत होते."

"उलटे म्हणजे?"

"पॅडल मागं! गर्र, गर्र! तुम्ही लोक म्हणे सायकलवरच जन्माला येता. आणि हा पुढं सुसाट चाललाय, पाय मात्र मागं मारतोय. घाबरला की माणूस गाढव होतो. मग तो मालाच्या व्हॅनमागं गेला, काठावर ते लोखंडी खुंट आहेत तिकडं. धाडकन आवाज झाला. मग जरा वेळानं पाण्यात काहीतरी पडलं. मी धावलो, तर काठावर कुणी नाही."

"टेरहोर्स्टची जागा तुला हवी होती ना रे?"

त्याचं हसू गेलं. "हवी होती. अजून हवी आहे. म्हणून मी म्हाताऱ्याला ढकलीन? मी इटालियन आहे बाई, मी आधी घासाघीस करतो."

त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, ते मला कळेना. पण तो म्हणाला ते कोटातलं पोट माझ्या डोक्यात बसलं. खिडकीतला गोल बरोबर तेवढाच होता.

४

टेरहोर्स्टचा पुतण्या कास्पर दुकानात मापं घेत होता. काका अजून मातीखाली गेला नव्हता.

"इथं वॅफलची भट्टी," मला बघून तो उत्साहानं म्हणाला, "इथं रांग. लोक त्या कोपऱ्यापर्यंत उभे राहतील बघ." मग माझा चेहरा पाहून टेप गुंडाळली. "काका गेले ते वाईटच झालं म्हणा."

"वाईट कुणाला? तुला तर आयतं ताट वाढून मिळालं."

"वहिनी, असं टोचून नका बोलू. मी त्या दिवशी रॉटरडॅमला होतो."

"कुणाबरोबर?"

तो लाल झाला. "ते मी पोलिसांना सांगितलंय. तिचा नवरा पण ऐकेल इतक्या मोठ्यानं नाही सांगणार." आणि विषय बदलायला म्हणाला, "तायमेनची सायकल खराब झाली असेल ना? बिचारी. दर शनिवारी मी तिच्यावरूनच बाजारात जायचो. लोण्यासारखी चालते."

"कास्पर, तो छोटा गोलच का नेला? त्याच्यापेक्षा भारी माल आहे इथं."

"नेणाऱ्याला माहीत. काका तो विकणार होते, कुणा परदेशी गिऱ्हाइकाला. सगळ्या गल्लीला सांगत फिरत होते. मी म्हटलं, काका, एवढी दवंडी कशाला? तर डोळा मिचकावून म्हणाले, 'एक माणूस आहे, त्याला जळताना बघायचंय.'"

"कोण माणूस?"

"काका रोज कुणाला ना कुणाला जाळायचे, वहिनी. मी काय हिशेब ठेवणार?"

म्हाताऱ्याला कुणाचा तरी जीव जाळायचा होता. आणि त्या कुणीतरी माझा संसार जाळला होता.

५

डोकं शिणलं की मी हिलेमावशींकडे जायची. पुलापलीकडे त्यांचं लोकरीचं दुकान. सत्तरी ओलांडलेल्या, गल्लीतली सगळ्यात उंच बाई. फीनच्या डोक्यावरची टोपी त्यांनीच विणलेली. दाराशी त्यांची काळी, जुनी सायकल उभी होती, जिच्या हँडलवर घंटीशिवाय काही नसतं. थांबायचं असेल तर पॅडल मागं दाबायचं. आम्ही सगळे लहानपणी तसल्याच सायकलींवर शिकलो.

"ये पोरी, ये. लोकांचं मनावर घेऊ नकोस. लोक म्हणजे बदकं. एक ओरडलं की सगळी ओरडतात."

त्यांनी कॉफी ओतली, इथल्या रीतीप्रमाणे एकच बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. मग समोर बसल्या. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय ते मला जरा उशिरा कळलं. त्या विणत नव्हत्या. हिलेमावशी दातांच्या डॉक्टरकडेही सुया घेऊन जातात. आज त्यांचे हात मांडीवर होते आणि उजव्या मनगटाला पट्टी होती.

"काय झालं हाताला?"

"हवा गं. ओल आली की सांधे धरतात."

फीन माझ्या मांडीवरून घसरून खिडकीकडे निघाली. तिथं लोकरीचा एक नवा निळा गुंडा ठेवला होता, फुटबॉलएवढा, सजावटीसाठी. धागे सैल, कुठं लोंबणारे. तिचा हात तिथं पोचायच्या आत मावशी ओरडल्या, "नको! हात लावू देऊ नकोस तिला!"

फीन दचकून रडायला लागली. मीही दचकले. या बाईनं माझ्या पोरीला आख्खे गुंडे चघळायला दिले होते.

"धूळ असते," त्या सावरून म्हणाल्या. "घशात गेली तर?" मग माझा हात धरला, डाव्या हातानं. "तायमेन सुटून आला ना, की आधी ती सायकल भंगारात घाल. मनापासून सांगते. लेकराला घेऊन हिंडायचं आणि सायकलीला ब्रेक नाही? उतारावर पाय मारून मारून थकशील, पण थांबायची नाही ती. एक दिवस पोर गमावशील."

खून, तुरुंग सगळं मागं पडलं. त्याच सायकलीवर बसून माझी फीन रोज पाळणाघरात जात होती.

६

कोठडीतल्या भेटीला वेळ थोडा होता. तायमेनचे डोळे आत गेले होते, दाढी वाढली होती. त्यानं फीनसाठी हात पुढं केले. मी तिला मागं ओढलं.

"तुझ्या सायकलीला ब्रेक नाहीत?"

"काय?"

"लेकराला घेऊन बिनब्रेकच्या सायकलीवर फिरत होतास तू?"

"मार्लूस, मी खुनाच्या आरोपाखाली बसलोय."

"आधी उत्तर दे!"

"दोन आहेत!" तो ओरडला. पहारेकऱ्यानं मान वळवली. तायमेननं आवाज खाली आणला. "हँडलवर. एक पुढचा, एक मागचा. फीनला बसवतो म्हणून मागच्या आठवड्यात दोन्हींचे रबर बदलले. नखानं दाबला तरी लागतो ब्रेक."

"आणि पॅडलमध्ये?"

"गिअरची सायकल आहे ती. पॅडलमध्ये ब्रेक नसतो तिला. मागं फिरवलं तर पाय नुसते रिकामे फिरतात."

पाय नुसते रिकामे फिरतात. गर्र, गर्र.

"हिलेमावशींना कधी दिली होतीस का रे सायकल?"

"त्या बसतील तिच्यावर?" एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "तिला त्या सर्कस म्हणतात. हातसुद्धा लावायच्या नाहीत. का गं?"

मी फीनला त्याच्याकडे दिलं. त्यानं तिच्या मानेत तोंड खुपसलं. त्या दोघांकडे बघताना माझ्या अंगात जे चढलं, त्याला राग म्हणणं कमी पडेल. त्या बाईनं माझा हात धरून मला पोरीची काळजी शिकवली होती.

"शुक्रवारी म्हाताऱ्याला पुरतायत," मी म्हटलं. "सगळी गल्ली येणार आहे."

"तू कशाला जातेस? लोक बोलतील."

"बोलायलाच जातेय."

७

ब्राकबाईंना मी आदल्या दिवशी गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कपाळाला आठी घातली. "पुरावा बारीक आहे. पण मी येते. आणि माझी माणसं पुलापलीकडे उभी ठेवते."

दफनानंतर दफनभूमीतल्याच खोलीत कॉफी आणि केकची कापलेली चकती. काळ्या कपड्यांतली आमची सगळी गल्ली मांडीवर बश्या घेऊन बसली होती. मी आत शिरले तसं बोलणं तुटलं. फुलवालीनं केकमध्ये तोंड घातलं.

"मला दोन शब्द बोलायचेत," मी म्हटलं. "तायमेनबद्दल नाही. त्याच्या सायकलीबद्दल."

"वहिनी, आज नको," कास्पर पुटपुटला.

"आजच. कास्पर, दर शनिवारी तू ती सायकल न्यायचास. ती थांबवायची कशी?"

"कशी म्हणजे? हँडलचा ब्रेक दाबून."

"फाब्रित्सिओ, तुला उतारावर थांबायचं असेल तर काय करशील?"

त्यानं नकळत हवेत दोन्ही मुठी आवळल्या.

"तू जो माणूस पाहिलास, त्यानं काय केलं?"

"पाय उलटे…" तो बोलता बोलता थांबला.

"पाय उलटे मारले. गाढव होता म्हणून नाही. जन्मभर तो तसाच थांबत आलाय म्हणून. भीतीच्या वेळी माणसाचे पाय लहानपणी शिकलेलं तेवढं करतात. फाब्रित्सिओ हे करणार नाही. तो हातांनी थांबतो. कास्पर करणार नाही. तो ही सायकल ओळखतो. तायमेन करणार नाही. ती त्याची आहे. पाय मारले ते आपल्यातल्याच कुणीतरी, जो त्या सायकलीवर आधी कधीही बसला नव्हता. एक हात कोटातल्या गोलावर, दुसरा हँडलवर. ब्रेककडे बघायला फुरसत कुठली? पाय मारले, सायकल थांबली नाही, आणि तो लोखंडी खुंटावर आदळला. त्याची खात्री झाली, की या सायकलीला ब्रेकच नाही."

मी वळले. कॉफीची बशी डाव्या हातात धरून हिलेमावशी बसल्या होत्या.

"मावशी, तायमेनच्या सायकलीला ब्रेक नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तायमेननंच," त्या म्हणाल्या.

"त्यानं तर नुकतेच दोन्ही ब्रेकचे रबर बदलले होते."

"मग असंच कुठंतरी ऐकलं असेल, पोरी. एवढ्या गोष्टीवरून तू…"

"दोन्ही ब्रेक शाबूत आहेत," दाराशी उभ्या ब्राकबाई म्हणाल्या. "मी स्वतः तपासले. आणि तुमच्या मनगटाची पट्टी आमच्या डॉक्टरांना बघायला आवडेल."

"मनगटाचं राहू द्या," मी म्हटलं. "खिडकीतला गुंडा उलगडा. ज्या बाईच्या हातून जन्मात एक धागा सैल सुटला नाही, तिनं तो एका हातानं, डाव्या हातानं गुंडाळलाय. आत काय आहे म्हणून माझ्या पोरीला हात लावू दिला नाहीत, मावशी?"

बशी खाली ठेवताना कप वाजला.

"तो माझ्या आईचा होता," हिलेमावशी म्हणाल्या. "युद्धातल्या त्या उपासमारीच्या हिवाळ्यात माझा भाऊ भुकेनं निपचित पडला होता. आईनं तो गोल टेरहोर्स्टच्या बापाला दिला, एका पोत्यातल्या सडक्या बटाट्यांसाठी. भाऊ तरी गेलाच. आणि हा," त्यांनी थडग्यांच्या दिशेनं हनुवटी उडवली, "चाळीस वर्षं तो खिडकीत ठेवून मला म्हणायचा, 'हिले, बटाटे आण, गोल ने!' मी हसायची. गिऱ्हाइकांसमोर हसावं लागतं. त्या दिवशी म्हणाला, उद्यापासून तो परदेशात जाणार. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी. तो हसला. आणि माझे हात पुढं गेले." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "याचं मला वाईट वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर त्यानं त्याच्यासाठी रडावं."

कुणी रडलं नाही. खोलीत एक दोन माना हलल्या, होकारार्थी. त्या क्षणी सगळी गल्ली तिच्या बाजूला झुकतेय, हे मला दिसलं.

"आईचा सूड घेतलात," मी म्हटलं. "तेवढं मला समजतं. मीही तेच करायला आलेय. पण कोट कुणाचा घातलात?"

"समोर होता म्हणून…"

"आणि नंतर? तो आत बसला होता आणि तुम्ही मला बिस्कीट देत होता."

"त्याला सोडतील असं वाटलं होतं, पोरी. त्यानं काही केलंच नव्हतं. सोडलाच असता."

"नसता सोडला तर? कधी बोलणार होता? फीन शाळेत गेल्यावर? तिला बापाचा चेहरा आठवेनासा झाल्यावर?"

मी वाट बघितली. मला ते उत्तर सगळ्यांच्या कानांनी ऐकायचं होतं.

"नसते बोलले," हिलेमावशी शेवटी म्हणाल्या.

होकारानं हललेल्या माना आता बशीत वाकल्या.

८

तायमेन घरी आला. दुपारभर झोपला, उठून अंघोळ केली आणि फीनला पोटावर घेऊन जमिनीवर पडून राहिला.

मग रीघ लागली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना इतका उभा, की दार उघडायला खाली कुणी उतरत नाही, वरूनच दोरी ओढून रस्त्याचं दार उघडायचं. बेकरीवाला सफरचंदाचा केक घेऊन आला. फुलवाली ट्यूलिप घेऊन आली. प्रत्येकजण जिन्यातून वर बघत म्हणाला, "आम्हाला आधीपासून खात्री होती." प्रत्येकाला मी म्हटलं, "ठेवा तिथंच पायरीवर." वर कुणाला घेतलं नाही.

"किती दिवस चालणार हे?" तायमेननं जमिनीवरूनच विचारलं.

"मला पुरेसं वाटेपर्यंत."

"मला तर आत्ताच पुरेसं वाटतंय. मी माफ केलंय सगळ्यांना."

"तू कर. तू आत होतास. बाहेर मी होते."

घंटी वाजली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. फाब्रित्सिओ होता. डोक्यावर टोपी नाही, छत्री नाही, पावसात तसाच उभा. हातात त्यानं शिवलेली छोटी चामड्याची पिशवी होती, फीनच्या मापाची. त्यानं वर बघितलं. 'आम्हाला आधीपासून खात्री होती,' असं तो म्हणाला नाही.

"कोण आहे?" तायमेननं विचारलं.

"तुझा साक्षीदार."

"वर घे की. भिजत असेल."

मी जिन्याच्या तोंडाशी गेले, दोरी हातात घेतली. खालून दुसऱ्यांदा घंटी वाजली, या वेळी हळू. तायमेन कोपरावर उठून माझ्याकडे बघत होता, फीनसुद्धा.

दोरी मी घट्ट धरून ठेवली होती. ओढली नाही.